टिकलीच्या अलीकडे

दिवाकर माझ्याशी शेवटचं जे बोलला ते गाडीबद्दल होतं. भेटायला येणारी माणसं हळूच विचारतात, "शेवटी काही बोलले का हो?" मी म्हणते, हो, बोलले, आणि चहा ठेवायला आत जाते. काय सांगणार? लोकांना ऐकायचं असतं की लेकीचं नाव घेतलं, देवाचं घेतलं, निदान माझा हात तरी धरला. आमच्या दिवाकरनं सांगितलं, "टिकलीच्या पुढं नको जाऊ देऊ वं." आणि जिनं जन्मात त्याचं एक धड ऐकलं नाही ती मी, त्या सकाळी ते वाक्य तंतोतंत पाळत बसले. त्याला जाऊन काही आठवडे झाले. चहा करून करून मी थकले आहे, म्हणून आज लिहिते.

घरात मी त्याला 'अहो' म्हणायची. लिहिताना 'अहो' कसं लिहिणार, आणि 'माझे पती' म्हटलं की भिंतीवरच्या फोटोतला माणूस वाटतो. मनात तो माझ्यासाठी कायम नुसता दिवाकर होता, तर तसंच लिहिते. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तो मेंटेनन्सला होता. दिवसभर तिथली यंत्रं सांभाळायची आणि घरी आलं की घरातली उघडायची. नागपुरात हुडकेश्वरला आम्ही घर बांधलं तेव्हा मी मोठं स्वयंपाकघर मागितलं होतं, त्यानं मोठं पोर्च. स्वयंपाकघर लहानच झालं. "कंपनीवाले भित्रे असतात वं, यात अजून जागा आहे," हे त्याचं लाडकं वाक्य. पंख्यात जागा, कूलरमध्ये जागा, शिलाई मशीनमध्ये जागा. एकदा मिक्सरमधली जागा त्यानं शोधून काढली आणि शेंगदाण्याची चटणी छतापर्यंत गेली. मी झाडू घेऊन उभी, आणि हा खाली बसून पोट धरून हसतोय... "पाहिलं? होती का नाही जागा!"

मग ती गाडी आली. दुसऱ्याच्या हातची, पिटुकली, पण टर्बोवाली. मला काय कळतं त्यातलं? मी एका पतसंस्थेत काउंटरवर बसते, मला माणसं कळतात, तीही रांगेतली. मेथी निवडत बसले होते तेव्हा यानं समोर पाट ओढला आणि शिकवणी सुरू केली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरतं, ते बाहेरची हवा दाबून दाबून इंजिनात कोंबतं. कोंबण्याचा हा जोर म्हणजे बूस्ट. बूस्ट वाढवला की गाडी पळते.

"मग वाढवा अन् व्हा मोकळे. मले काहून सांगून राहिले?"

"अन् पेट्रोल?" म्हणाला. "पंगतीले माणसं दुप्पट बोलावली अन् वरण तेवढंच, तं आचारी काय करते?"

"पाणी घालते."

"हां. वरण पातळ होते. तसंच हवा वाढवली अन् पेट्रोल तेवढंच राहिलं, तं इंजिनातलं मिश्रण पातळ होते."

मी म्हटलं, होऊ द्या पातळ, लोक दोन दिवस नावं ठेवतील आणि विसरतील. त्यावर तो एकदम गंभीर झाला. "इंजिन नावं ठेवत नाही वं, जळते. पातळ मिश्रण भलतं तापते. पिस्टनले आरपार भोक पडते." टाकीत बसलेला पंप म्हणजे आचारी, तो पेट्रोल पाठवतो. इंजेक्टर म्हणजे वाढपी, ते पेट्रोल इंजिनात वाढतात. वाढपी त्यानं मोठे आणून बसवले होते, आचारी मात्र अजून कंपनीचाच होता. आणि बूस्ट? तो आमच्या या महाराजांनी आधीच वाढवून ठेवला होता. नवा पंप येतच आहे, आला की बसवू, असा हिशोब. माणसाला धीर म्हणून नव्हता. मी म्हटलं, म्हणजे पाहुणे दारात आणि आचारी अजून गावाहून यायचाय. त्याला ते इतकं आवडलं की कारखान्यात जाऊन सगळ्यांना सांगितलं.

गाडीच्या पुढच्या काचेजवळच्या खांबावर त्यानं बूस्टचा गोल मीटर लावला होता. एका सकाळी पतसंस्थेत जायला बसले आणि पाहते तर मीटरच्या काचेवर माझी मरून टिकली. म्हटलं, हे काय? म्हणाला, "काटा इथवर आला की पाय उचलायचा. याच्या पुढं जुना पंप पुरत नाही. समजलं?" माझीच टिकली सापडली का, असं विचारलं तर म्हणाला, "तुझी टिकली कुठं चिकटली की निघत नाही. रोज आरशावर पाहतो ना मी." खरं होतं ते. आमच्या आरशात तोंड कमी आणि टिकल्या जास्त.

मी गाडी रागात चालवते. दिवसभर काउंटरवर गोड बोलायचं म्हटल्यावर तो साठलेला राग कुठं काढायचा? पायात येतो. दिवाकर बाजूला बसला असला की वरची कडी धरून ठेवायचा, पण एका शब्दानं टोकायचा नाही. काटा टिकलीजवळ आला की पुढं झुकून नखानं मीटरवर टकटक करायचा, बस. मी पाय उचलायची आणि त्याच्याकडे डोळे वटारून पाहायची. तो खिडकीबाहेर पाहत असायचा, जसं काही ती टकटक दुसऱ्याच कोणीतरी केली.

नवा पंप आला. पोर्चमध्ये उंदीर फिरतात म्हणून खोका आणून माझ्या साड्यांच्या कप्प्यात ठेवला. रविवारी मागची सीट काढायची, टाकीचं झाकण उघडायचं आणि पंप बसवायचा, असं ठरलं. आणि नेमकी त्याच रविवारी माझ्या चुलत बहिणीकडे वास्तुशांती. मी म्हटलं, पंप कुठं पळून चालला आहे? इस्त्रीचा शर्ट घाला आणि चला. आला बिचारा. पंगतीत बसून वरणाच्या बादलीकडे वाकून पाहिलं आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आचारी तगडा आहे यांचा." मी त्याला कोपर मारलं. पंप पुढच्या रविवारवर गेला. पुढचा रविवार त्याला मिळाला नाही, आणि हे माझ्यामुळे झालं, असं मी म्हटलं की माझी लेक फोनवर रडायला लागते. म्हणून मी तिच्याजवळ म्हणत नाही.

ती सकाळ तशी रोजचीच. मी डबे भरत होते. दिवाकर पोर्चच्या पायरीवर बसून छाती चोळत होता. "गॅस झाला वाटते," म्हणाला. मी आतूनच तोफ डागली, काल भजे हादडताना कळत नव्हतं का? बाहेर येऊन पाहिलं तर शर्ट घामानं चिंब. पण बाप्पा, भर मे महिन्यात नागपुरात घाम कोणाला येत नाही? मग तो म्हणाला, "चाल, एकदा दाखवून येऊ." या माणसानं कधी आपणहून दवाखान्याचं नाव घेतलं नव्हतं. बोटात पत्रा घुसला तर चिकटपट्टी लावून कामावर जाणारा हा. तिथंच माझ्या पायाखालची जमीन सरकायला हवी होती. माझी सरकली ती कशानं, तर आज पतसंस्थेत उशीर होणार यानं.

वाटेत दवाखाने नव्हते का? होते, मोठे मोठे होते. पण आमचे नेहमीचे डॉक्टर रामदासपेठेत, आणि गॅससाठी कोण दवाखाना बदलतं? अॅम्ब्युलन्सचं तर डोक्यातही आलं नाही. तो आपल्या पायांनी चालत जाऊन डाव्या सीटवर बसला, पट्टा लावला. गाडी गल्लीतून मुख्य रस्त्याला लागली तेव्हा मी नेहमीच्या सवयीनं पाय दाबला असणार, कारण तेव्हाच तो म्हणाला, "टिकलीच्या पुढं नको जाऊ देऊ वं." आवाज बारीक होता. मी म्हटलं, नाही जाऊ देत, तुम्ही शांत बसा.

आणि मी गाडी अशी चालवली की काय सांगू. काटा जरा वर सरकला की पाय उचलायचा. पुन्हा हळूच दाबायचा, पुन्हा उचलायचा. मागून हॉर्न, बाजूनं ऑटो घुसून राहिले, एरवी मी काच खाली करून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी मी शहाण्या मुलीसारखी चालवत होते. मनात एकच, याच्या जिवाची गाडी आहे, आज हा आजारी असताना माझ्या हातून इंजिन जळलं तर जन्मभर ऐकावं लागेल. मानेवाडा चौकाजवळ त्यानं मान मागे टेकली, एवढं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. वाटलं, बरं झालं, डोळा लागला. अजनीच्या पुलाजवळ मी वर त्याला म्हणतेय, "पाहा, एकदा तरी लागला का काटा टिकलीले? तुम्ही म्हणत होते ना, हिले जमत नाही!" तो काही बोलला नाही. मला त्याचा रागसुद्धा आला... एवढं केलं तरी या माणसाच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द नाही. बाई गं! मला शाबासकी हवी होती.

दवाखान्याच्या फाटकात गाडी लावून मी त्याचा पट्टा सोडला तेव्हा त्याचा हात माझ्या हातावर पडला तो तसाच. मग धावपळ झाली, स्ट्रेचर आलं, आत बराच वेळ सगळ्यांनी प्रयत्न केले. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "थोडं आधी..." मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबले. "म्हणजे तरीही सांगता आलं नसतं, ताई." चांगला माणूस आहे तो, सावरून घेतलं त्यानं. पण पहिले दोन शब्द तोंडातून निघून गेले होते, आणि तेच मी घरी घेऊन आले.

गाडीच्या इंजिनाला काहीही झालेलं नाही. एका हाकेत चालू होतं, तक्रार नाही, आवाज नाही. एवढं मी नीट जपलं. तेरवीला लेक पुण्याहून आली होती, म्हणाली, "आई, विकून टाक ना ती, तुला तरी कुठं आवडायची?" मी हो म्हटलं आणि किल्ली ब्लाऊजमध्ये खोचून ठेवली. तेरवीच्या गडबडीत आरशासमोरचं टिकल्यांचं पाकीट कोणीतरी उचलून ठेवलं, चांगल्या मनानंच ठेवलं असेल. आरसाही कोणीतरी पुसून लख्ख केला. घरात एकच टिकली उरली, ती गाडीत. मी जाऊन बंद गाडीत बसायची आणि तिच्याकडे पाहत राहायची. मला एकच गोष्ट हवी होती. त्या दिवशी मी दाबली असती, टिकलीच्या पुढं काटा जाऊ दिला असता, तर जुना पंप पुरला असता का? दवाखान्यापर्यंत इंजिन टिकलं असतं का? टिकलं नसतं तर मी सुटले. गाडी रस्त्यात बंद पडून आणखी उशीर झाला असता, असं स्वतःला सांगता आलं असतं. आणि टिकलं असतं तर... पण मला कळायलाच हवं होतं.

हे सांगू शकणारा माणूस एकच, नंदू. दिवाकरच्याच कारखान्यातला, त्याचा रविवारचा जोडीदार. दोघं मिळून आमचं पोर्च काळं करायचे. त्याला फोन केला की म्हणायचा, "सोडा ना वहिनी, काय घेऊन बसल्या तुम्ही." शेवटी तो घरी आला तेव्हा मी साड्यांखालचा खोका काढून त्याच्यापुढं ठेवला. "बसवून दे," म्हटलं. "पण त्याच्या आधी जुना पंप कुठपर्यंत पुरते ते मले दाखव. नाही दाखवलं तं या घरात पुन्हा चहा मागू नको." तो उठला आणि पेट्रोलचा दाब दाखवणारा एक मीटर गाडीला जोडायला लागला.

सकाळी सकाळी आम्ही आउटर रिंग रोडला गेलो. रस्ता मोकळा. नंदू चालवत होता, मी दिवाकरच्या जागी. नंदू म्हणाला, "हा नवा काटा पेट्रोलचा. पंप कमी पडला की हा खाली येईन. त्याच्याकडं पाहा." त्यानं पाय दाबला. बूस्टचा काटा चढत टिकलीला लागला, पेट्रोलचा काटा जागच्या जागी. टिकलीच्या पुढं गेला, पेट्रोलचा जागच्या जागी. आणखी पुढं गेला... आणखी... पाठीला सीट चिकटली, मी कडी धरली. पार तिकडं, काटा टिकलीला बराच मागे टाकून गेला तेव्हा कुठं पेट्रोलचा काटा लटपटला, आणि नंदूनं लगेच पाय उचलला. गाडी बाजूला घेऊन थांबवली.

मी म्हटलं, "नंदूभाऊ, टिकली तं अलीकडेच राहिली."

तो समोर पाहत म्हणाला, "टिकली पंपासाठी नव्हतीच वहिनी. पंपाची हद्द तुम्ही आता पाहिली. टिकली तुमच्यासाठी होती. दिवाकर म्हणे, तिले खरी हद्द सांगितली तं ती हद्दीवरच चालवंल. रागात असली की पाय उचलत नाही ती. कुठं ठोकून घेईन. म्हणून त्यानं टिकली इतकी खाली लावली."

मला आधी हसू आलं, देवाशपथ. काय लबाड माणूस! एवढी पंगत, एवढं वरण, पिस्टनला भोक, सगळं मला सांगून शेवटी काय, तर बायकोनं हळू चालवावं. हसता हसताच मला उमगलं की म्हणजे त्या सकाळीही त्याला माहीत होतं. इंजिनाला काही होणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. छातीत कळा येत असताना तो मला सांगत होता की सावकाश चालव, घाबरू नको, धडकू नको. माझ्या घाबरलेल्या पायाची त्याला काळजी. तो मला जपत होता आणि मी पंप जपत होते. नंदू म्हणाला, सवयीनं बोलला असेल तो, एवढं मनाला लावून घेऊ नका. असेलही. ते आता कोण सांगणार?

दुपारी त्यानं नवा पंप बसवला. टिकली वर सरकवू का म्हणाला, मी म्हटलं, हात लावू नको.

मग मी एक वेडेपणा केला. दवाखान्यातून एक कागद आणायचा होता, तो आणायला मुद्दाम त्याच वेळेला निघाले, त्याच रस्त्यानं, एकटी. या वेळी दाबायचीच होती. किती आधी पोचले असते ते मला पाहायचं होतं. हुडकेश्वरपासून जिथं म्हणून रस्ता मोकळा मिळाला तिथं दाबली. काटा टिकलीच्या पुढं गेला, आता तर काही प्रश्नच नव्हता, पेट्रोल हवं तेवढं. गाडी सुसाट निघायची आणि पुढच्या सिग्नलला जाऊन उभी राहायची. मानेवाड्याला लाल. पुढं पुन्हा लाल. मागे टाकलेले ऑटो धुक धुक करत येऊन बाजूला उभे राहायचे. ज्यांना मी हरवलं असं मला वाटत होतं ते सगळे माझ्याच रांगेत. मला बरं वाटायला लागलं, खोटं कशाला बोलू. दाबली काय, न दाबली काय, या शहरात तेवढाच वेळ लागणार होता. वाटलं, सुटले बाई मी.

अजनीच्या अलीकडच्या सिग्नलला थांबले. काट्यावर लक्ष ठेवायचं काही कारण उरलं नव्हतं, म्हणून मान आपोआप डावीकडे वळली. रिकामी सीट, लोंबणारा पट्टा. सिग्नल चांगला लांबलचक होता... आणि मग माझ्या ध्यानात आलं. त्या दिवशीही मी इथं अशीच थांबले होते. प्रत्येक सिग्नलला थांबले होते, एवढाच वेळ. गाडी उभी असली की बूस्टचा काटा तळाशी पडून असतो, त्याला ना वर जायचं ना खाली. पाहायला तिथं काही नसतंच. तरी मी त्याच्याकडेच पाहत होते. मान एवढीशी वळवायची होती. वळवली असती तर त्याचा रंग दिसला असता, ओठ दिसले असते. आरडाओरडा केला असता, कोणत्याही दारात गाडी घातली असती, नाहीतर काहीच जमलं नसतं, पण त्याला दिसलं तरी असतं की मी त्याच्याकडे पाहतेय. एवढ्या वाटेत मी त्याला कसं वाटतंय एवढंसुद्धा विचारलं नाही.

गाडी मी विकलेली नाही. लेकीला सांगितलंय, गिऱ्हाईक मिळत नाही. पतसंस्थेत तिनंच जाते आणि हळू चालवते, ऑटोवाले पुढं जातात तर जाऊ देते. सिग्नल लागला की पाय ब्रेकवर ठेवते, डावीकडे वळते आणि विचारते, "अहो, कसं वाटून राहिलं?" हिरवा होतो, मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.